चालू इंजिनाशेजारची कविता

पोरी,

माझी पहिली कविता चार ओळींची झाली. तिला नऊ कागद, अख्खी दुपार आणि दोन चिडलेली गिऱ्हाइकं लागली. तू घर सोडल्यापासून छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. लिहिलं की घटकाभर श्वास घेता येतो, म्हणून लिहितो. तुझी आई म्हणते, "आता सुचतात होय कविता? लेक घरात होती तेव्हा कुठे गेला होतात?"

नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो, असं मी गॅरेजभर मिरवायचो. हे पत्र टाकू कुठे? तुझा पत्ताच नाही. एकदाच ये गं, तुझी कवितांची वही घेऊन ये.

जायच्या आदल्या दिवशी तू मला तुझी कविता वाचून दाखवलीस. मी इंजिन बंद केलं नव्हतं.

तुझा,
बाबा