ताप यायला हवा होता

३१ जुलै २०१७, तलासरी
निम्मी शाळा तापाने आडवी. स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही बऱ्या ठणठणीत! उपासाची पुण्याई." हसले मी. आज सोमवार, त्यामुळे डब्याचं कुणी विचारलं नाही. सोमवार सोपा जातो. गुरुवार, शनिवार, चतुर्थीही. मधल्या वारांना सबब शोधावी लागते.
खोलीवर कुणाशी बोलणं नाही. घरमालकीण बाहेरगावी. रेडिओ लावला, त्याचाही कंटाळा आला.

६ ऑगस्ट, चिखले
रविवार, म्हणून घरी. शेजारच्या काकूंनी नव्या सुनेला माझ्या पाया पडायला आणलं! "हिच्यासारखं कडक करता आलं पायजे गो. पाण्याशिवाय काय घेत नाय." आई पडवीत चिकू निवडत होती. "कुठला वार धरीत नाय ते विचारा!" केवढी खूश. पोरगी वाकली तेव्हा पळून जावंसं वाटलं.
महादेवाकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. घास तोंडाशी आला की भीती वाटते, बस. आधी भीती होती, वार नंतर सापडले.
संध्याकाळी समुद्रावर एकटीच. खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने तळपाय कापला.

१८ ऑगस्ट, तलासरी
पाय सुजलाय, चप्पल चढत नाही. जखमेत पू. ताप मात्र नाही, म्हणजे किरकोळच असणार. मुख्या. रागावले, उद्या डहाणूला जाच म्हणाले. कुणीतरी रागावलं, बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
डहाणूच्या डॉ. बाई माझ्याच वयाच्या. ताप विचारला. "मला येतच नाही," मी ऐटीत. त्यांनी पाय सोडून माझ्याकडे बघितलं. "इतका पू आणि ताप नाही? यायला हवा होता."
मग जेवणाचं विचारलं. उपास असतात म्हटलं. "कुठले कुठले?" सांगता सांगता मीच थांबले. त्यांनी उठून दार लावून घेतलं. म्हणाल्या, ताप म्हणजे शरीर लढतंय. तुमच्या शरीराकडे लढायला शिधाच नाही, म्हणून ते गप्प बसलंय.
रडले. कुणासमोर रडून किती वर्षं झाली असतील.
मनाच्या डॉक्टरांकडे पाठवणार आहेत. "आधी आईला सांगा. घरच्यांशिवाय हे व्हायचं नाही." आईला? जिने अख्ख्या आळीत माझे उपास मिरवले तिला?

२७ ऑगस्ट, तलासरी
पायाचं निमित्त करून गणपतीला घरी गेले नाही. जखम भरतेय, सावकाश. थोडा थोडा ताकभात सुरू. पोट टम्म फुगतं. मला सोसतच नाही म्हणून डॉ. बाईंना फोन केला, सुटका होईल या आशेने. त्या कसल्या ऐकतात! म्हणाल्या, आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते, आपण खातो त्यावर ती जगते. तुम्ही जेवला नाहीत तशी तीही उपाशी राहिली, पांगली. पचवणारे त्यातच, रोगाशी लढायला मदत करणारेही त्यातच. वर आता जखमेसाठी दिलेलं औषध, तेही या जिवाणूंना मारतं. खात राहिलात तर हळूहळू वस्ती पुन्हा वाढेल, तोवर पोट कुरकुरणार.
म्हणजे उपाशी मी एकटी नव्हते. चमचाभर भात जास्त घेतला, त्यांच्यासाठी. वेडेपणाच. पण जेवताना कुणाची तरी सोबत आहे असं वाटलं. इतकी एकटी झालेय मी.

३ सप्टेंबर, चिखले
सांगितलं. आई डाळ घोटत होती.
"आई, ते उपास नव्हते."
"मग काय होता?"
"मला जेवायची भीती वाटते."
रवी थांबली. तिने पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझ्या हातच्या जेवणाची?"
नाही गं, म्हटलं. मनाच्या डॉक्टरांचं सांगायचं राहूनच गेलं. तिने दोन पानं वाढली, भात, आमटी, वालाची भाजी. पेल्यात पाणी घेऊन तिची मधुमेहाची गोळी गिळली. ही गोळी घेतली की तिला लगेच जेवावंच लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. पण मांडीवर हात ठेवून बसून राहिली. "तू घास घे, मग मी."
"आई, तुझी गोळी..."
"घेतली ना. बस तू."
हात धुवून येते म्हणून उठले ती या खोलीत येऊन हे लिहीत बसलेय. अर्धा तास तरी झाला असेल. बाहेरून हाक नाही, ताटाचा आवाज नाही. तिचे हात आता थरथरायला लागले असतील.