बोक्यांना बोलावणं

३ फेब्रुवारी, वडवणी
गुरांच्या दवाखान्यात आज डॉक्टर म्हणून रुजू झाले. खोलीही झकास मिळाली, गहिनीनाथरावांच्या घरामागे. मालक म्हशीवाले. मालकीणबाईंनी, छबुबाईंनी, आल्याआल्या खरवस दिला; निम्मा माझ्या खारी नावाच्या मांजरीने लंपास केला. आमचं इथे छान जमणार.

११ फेब्रुवारी
खारी माजावर आली. दिवसभर लोळते, शेपूट वर करून दाराशी घसटते, तान्ह्या पोरासारखी ओरडते. मालक म्हणाले, मांजर रडती म्हंजी घरातलं कुणीतरी जाणार. म्हशीचा माज या माणसाला रस्त्यापलीकडून कळतो! मी समजावलं, आठवडाभरात उतरेल, तोवर दार-खिडकी बंद ठेवते, मग ऑपरेशनच करून टाकते.

१४ फेब्रुवारी
दवाखान्यातून आले तर खारी नाही. मालकांनी तिला पोत्यात घालून चौसाळ्याजवळ हायवेवर सोडलं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून मारलं न्हाई, सोडलं, असं वर तोंड करून सांगतात.

१५ फेब्रुवारी
पोतं सापडलं. तोंड सुतळीने बांधलेलंच होतं. वरून गाड्या गेल्या होत्या.
गहिनीनाथा, तुला सोडणार नाही. खारी ज्या फडक्यावर लोळायची ते मी धुतलेलं नाही. त्या माजाच्या वासावर बोके कुठून कुठून येतात. छबुबाई दूध घालायला गेल्या तेव्हा ते मालकांच्या गादीखाली सारलं.

१८ फेब्रुवारी
अंगणात बोकेच बोके. मालकांच्या दारावर, चपलांवर मुततात, एकमेकांना फाडतात. मालक काठी घेऊन नाचतात. लई बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी
छबुबाई सांगत होत्या, बाजेखालून मांजर वरडती, बघावं तर कुणीच न्हाई. मालकांचे हात ओरबाडून सोललेत. मी हसले. मग मलाही ऐकू आलं. खारीचाच आवाज. वासाने बोके येतात, पण आवाज —

२४ फेब्रुवारी
मालकांना फडकं सापडलं. शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, तुमचंच हाय न्हवं मॅडम.

२५ फेब्रुवारी
दाराला बाहेरून कडी. छबुबाई ओ देत नाहीत. माझी गादी उसवून पुन्हा शिवलीय — फडकं आत — दोरा तुटत नाही —

खिडकीत बोके. पत्र्यावर बोके. ओरडत नाहीत. जाळी फाटतेय —

गादीतून खारी त्यांना बोलावतेय. खारी, अगं, मी — तुझ्यासाठीच केलं ना गं —

ते गादीकडे बघतच नाहीत. माझ्याकडेच बघतायत, माझ्या —