एकही किलोमीटर सुटू नये म्हणून

प्रिय छोट्या,

अठ्ठावन्न वर्षांचा झालास, कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाचा मालक झालास, तरी कागदावर 'छोट्या' सोडून दुसरं काही उमटत नाही बघ. तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते तीनदा वाचलं. तळमजल्याची खोली तू माझ्यासाठी रिकामी केलीस, दादाचे गुडघे म्हणून दाराचा उंबरठासुद्धा काढून टाकलास, भिंतीला रंग दिलास आणि वर विचारतोस की कधी येतोस. आपण दोघंच उरलोय, आता वेगळी बिऱ्हाडं कशाला, असं लिहिलंयस. खरं सांगू, ते वाचून मी म्हातारा माणूस चक्क रडलो. पण येतो की नाही हे आत्ताच लिहीत नाही. तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं, आणि ते द्यायचा धीर होईपर्यंत इकडचं तिकडचं लिहितो. सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? टॅक्सीवाला माणूस, चार वळणं घेतल्याशिवाय पोचल्यासारखं वाटत नाही.

पहिली बातमी म्हणजे गाडी गेली. जुन्या डिझेल गाड्या शहरात आणायच्या नाहीत असा नियम झालाय, तू ऐकलं असशीलच. गेल्या गुरुवारी भंगारवाल्याची क्रेन आली आणि आपली मर्सिडीज पुढून उचलून घेऊन गेली. वजनावर. माणूस भला होता, आठवण म्हणून काही काढून ठेवायचंय का असं त्याने दोनदा विचारलं. मी नको म्हणालो. शेजारचा शिंपी दारात उभा राहून बघत होता, तो मला म्हणाला की रडा हो थोडं, बरं वाटेल. मला काही रडू आलं नाही. आता शेडमध्ये तेलाचा एक मोठा डाग आहे आणि मी रोज सकाळी सवयीने शेडचं कुलूप काढतो.

आठवतं का रे, आपण ती घेतली तेव्हा? आधीच दोन मालक आणि दोन लाख साठ हजार किलोमीटर पाहिलेली, सायीच्या रंगाची, मागचं एक दार जरा अडकणारी. लोक म्हणाले, दोघा भावांचं डोकं फिरलंय, टॅक्सीला कुणी मर्सिडीज घेतं का. तू मात्र नुसतं तिचं दार उघडायचास आणि लावायचास. तो ठप्प असा आवाज ऐकून तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला कळलं की आता हा काही ऐकत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मीही कुठे ऐकणार होतो! स्टिअरिंगला बसलं की लांब बॉनेटच्या टोकाला तो तीन टोकांचा तारा दिसायचा आणि माणूस आपोआप ताठ बसायचा. प्रवाशांचंही तेच. इतर टॅक्सीत धाडकन बसणारी माणसं आपल्या गाडीत बसण्याआधी बूट झटकायची. दवाखान्यातून घरी जाणारी एक आजी तर म्हणाली होती, जरा लांबून घ्या हो, एवढ्यात उतरायचं नाहीये मला.

आणि तुझी ती व्याख्यानं! दिवसाची पाळी माझी, संध्याकाळनंतरची तुझी, पण लोक मला सकाळी सांगायचे की तुमचा भाऊ फार छान गोष्ट सांगतो. पहिली मोटार बनवणाऱ्या बेंझची बायको नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन गाडी काढते आणि शंभरेक किलोमीटरवर आईकडे जाते, अठराशे अठ्ठ्याऐंशी साली, जेव्हा रस्त्यावर दुसरी मोटार नावाला नव्हती. औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेते, नळी तुंबली की टोपीच्या पिनेने साफ करते, ब्रेक झिजले की चांभाराकडून चामडं ठोकून घेते. तू तर तिच्याशेजारी बसून गेल्यासारखं सांगायचास. मग मर्सिडीज हे एका व्यापाऱ्याच्या लेकीचं नाव, ताऱ्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश. आणि तुझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे डाइम्लर आणि बेंझ. दोघं एकाच देशात, एकाच काळात, एकाच वेडाने झपाटलेले, आणि आयुष्यात एकमेकांना भेटले नाहीत म्हणतात. त्यांच्या कंपन्या एक झाल्या त्या एकोणीसशे सव्वीस साली, तोवर डाइम्लर जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. हे सांगताना तू गाडी हळू करायचास, गधड्या. प्रवासी बिचारे आपलं ठिकाण आलं तरी उतरायचे नाहीत.

मला या गोष्टींपेक्षा आकड्यांचं वेड जास्त. ज्यांच्या गाड्या फार चालतात त्यांना कंपनी बिल्ला देते, अडीच लाखाला एक, पाच लाखाला एक, असं करत दहा लाखापर्यंत, हे मला कुठूनसं कळलं आणि झालं, माझं कल्याण झालं! त्यात ग्रीसमधल्या कुठल्याशा टॅक्सीवाल्याच्या मर्सिडीजने सेहेचाळीस लाख किलोमीटर केले आणि ती आता कंपनीच्या म्युझियममध्ये उभी आहे, हे समजल्यावर तर मी झोपेतही किलोमीटर मोजायला लागलो. दहा लाख करायचेच, आणि एकही किलोमीटर मीटरवर, भाड्याच्या नव्हे, अंतर मोजणाऱ्या मीटरवर, चढल्याशिवाय जाता कामा नये. म्हणून आपला तो नियम. मीटर बंद तर गाडी बंद. मीटर दुरुस्तीला काढला असेल तर गाडी शेडमधून हलवायची नाही, मग धंदा बुडो नाहीतर राजा येवो. तू हसलास, पण पाळलास. पाच-सहा वेळा तरी आपण त्यापायी दोन-दोन दिवस घरी बसलो असू.

त्या नियमाला घरात एकटी तुझी बायको हसायची, आपली मास्तरीणबाई. तिला मी पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाईच म्हटलं, शाळेत शिकवायची म्हणून आणि मला शुद्धलेखनावरून झापायची म्हणूनही. मला भीती होती की भावजय आली की भाऊ तुटतो. उलट तिने आपल्या दोघांचं घर केलं. माझं लग्न गाडीशी लागलंय असं ती सगळ्यांना सांगायची आणि थोरली जाऊ म्हणून गाडीच्या काचा मात्र स्वतः पुसायची. बेंझबाईची गोष्ट तिला फार आवडायची. त्या बाईने विचारलं नाही म्हणून पोचली, विचारत बसली असती तर अजून अंगणातच असती, असं म्हणायची. तिचा दमा आपल्या सवयीचा झाला होता. खोकला, वाफ, तो फवारा, थोडं टेकून बसणं, की अर्ध्या तासात बाई वह्या तपासायला तयार. आपण सगळेच निर्धास्त होतो, तीसुद्धा.

त्या दिवसाचं आपण कधी बोललो नाही. बावीस वर्षं झाली. तुला ठाऊक आहे ते असं, की मीटर साफ करायला मीच उघडला होता आणि माझ्याच हाताने आतल्या चाकाचा दात मोडला. पलीकडच्या गावातला घड्याळजी तसं चाक करून देणार होता, ते आणायला मी तुला सकाळच्या बसने पाठवलं. दुपारी बाराच्या सुमारास मास्तरीणबाईला श्वास लागला. मी गाडी सुरू करायला गेलो, ती सुरू झाली नाही, डिझेलच्या पंपात हवा शिरली होती. अर्ध्या तासाने तिची धाप वाढली. मी धावत रस्त्यावर गेलो, जे येईल त्याला हात केला, शेवटी पाववाल्याची व्हॅन थांबली आणि पावांचे ट्रे बाजूला सारून तिला आत निजवलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं. तू पाच वाजता ते चाक खिशात घेऊन घरी आलास.

मग तू एकदाच विचारलंस, फिल्टरमुळे का रे दादा? फिल्टर तुंबला की पंप हवा ओढतो, आणि आदल्या आठवड्यात डिझेलचा फिल्टर बदलायची पाळी तुझी होती आणि तुझ्याकडून राहून गेलं होतं. मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. तेराव्या दिवसानंतर तू बॅग भरलीस आणि त्या दिवसापासून आजपर्यंत कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाहीस. एवढा देखणा चालवणारा माणूस, आणि सायकलवरून दुकानात जातोस. तुला भेटायला आलो की ती सायकल भिंतीला टेकलेली बघून मी जेवायला न थांबता निघायचो. मग मी येणंच कमी केलं, तुला वाटलं दादा धंद्यात गुंतलाय. मी खरोखरच गुंतलो होतो. उरलेले तीन लाख एकट्याने ओढायला सोळा वर्षं लागली. दहा लाख झाले तेव्हा मागे प्रवासी नव्हता. टायरच्या दुकानासमोर सगळे आकडे फिरले, मी गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं बसलो आणि घरी आलो. बिल्ल्यासाठी अर्ज भरला होता, तो पाठवलाच नाही.

आता तुझं ते वाक्य. तू लिहिलंयस की माझ्या हलगर्जीपणाने ती गेली, पण दादा, तू मला बावीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीस, एवढे उपकार दुसरा कुणी सख्खा भाऊही करत नाही. छोट्या, फिल्टर स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी मी काढून उन्हात धरून बघितला, अजून दोन महिने सहज चालला असता. पंपात हवाबिवा काही नव्हती. मास्तरीणबाई शेडच्या दाराशी आली, दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, दादा, आज जरा वेगळं वाटतंय, मला दवाखान्यात सोडता का. माझ्यापुढे मीटर उघडा पडला होता. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर होणार होते आणि ते कुठेच चढणार नव्हते. मीटर बंद आहे म्हणून नेत नाही, हे तिला सांगायची लाज वाटली, म्हणून गाडी सुरू होत नाही असं सांगितलं. तिने विश्वास ठेवला, फवारा घेते म्हणाली आणि आत गेली. आणि अर्ध्या तासाने ती जमिनीवर पडली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती, सगळ्यांना तिने सांगून झालं होतं की गाडी बिघडलीय, आणि मी, तुझा दादा, किल्ली खिशात असताना रस्त्यावर धावलो. तेव्हा तरी सुरू करायची होती रे. खोटं उघडं पडेल एवढं एकच त्या वेळी डोक्यात होतं. तू मला सांभाळायला खोली तयार ठेवलीस आणि मी तुला बावीस वर्षं या ओझ्याखाली मरू दिलं, हे माझ्याने आता आणखी लपववत नाही. मी येत नाही. तू हे वाचल्यावर मला बोलावणारही नाहीस, आणि ते बरोबरच आहे. उत्तर लिहू नकोस. फक्त एवढं वाच, हवं तर दहादा वाच, की ती तुझ्यामुळे गेली नाही. गाडी चालू होती. मी किल्लीच फिरवली नाही.

लिहायचा हक्क राहिलेला नाही, तरी
तुझाच,
दादा