कुंदा गिरणीवरून येईपर्यंत

मी, द्वारकाबाई भ्र. बद्रीनाथ तुपे, वय छप्पन्न, धंदा शिवणकाम, राहणार गारखेडा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकानं नव्हे तर स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या हातानं लिहिते. हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. लिहायला बसले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

कलम १. मला एकच अपत्य, मुलगी कुंदा, वय बावीस. तिची समज वयाच्या मागं राहिली. शाळेनं आठ दिवसांत परत पाठवली, "हिला घरीच ठेवा" म्हणाले. मी घरी ठेवली नाही, बाजाराला जायला शिकवलं. मालक वारल्यावर आम्ही दोघीच.

कलम २. गारखेड्यातलं माझ्या नावचं दोन खोल्यांचं घर

(इथं जागा कोरी सोडते. कारण लिहिते.)

माझे दीर काकासाहेब समोर खाटेवर बसले आहेत. त्यांचं म्हणणं, घर त्यांच्या नावानं करावं, ते कुंदाला परगावच्या संस्थेत ठेवतील. "वैनी, पोरगी एकटी कोपऱ्यापर्यंत जात नाय. तुमच्या माघारी घर काय सांभाळणार?" माझं टाळकं सणकलं. म्हटलं, आजच बघा. कुंदाला सांगितलं, "गिरणीवर जा, कय्युमचाचांना सही करायला बोलावून आण. येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या वच्छलाबाईंनाही घे." चिठ्ठी दिली नाही. मोठा रस्ता ओलांडायचा आहे, आणि आज पहिल्यांदाच मी मागं नाही. अर्ध्या तासात आली तर घर तिचं, नाही तर भाऊजींचं, असं मी बोलून बसले.

कलम ३. शिलाई मशीन कुंदाला. काज-बटण ती करते. ते शिकवणं सोपं होतं, गिरणी अवघड. आधी वर्षभर डबा मी धरायची, ती नुसती चालायची. मग डबा तिच्याकडं आणि मी दहा पावलं मागं. कय्युमभाईंना ताकीद होती, ती तोंडानं "बारीक दळा" म्हणेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. सतरा दिवस डबा तसाच परत आला आणि आम्ही भातावर काढले. अठराव्या दिवशी म्हणाली. पिठानं पांढरे झालेले कय्युमभाई तसेच रडले. रांगेत डबा ठेवायचा, आपला नंबर येईपर्यंत हलायचं नाही, हेही तिथंच शिकवलं. मधे घुसली की मी हातावर फटका द्यायची. त्या फटक्यांची मला लाज वाटते, तीही इथं लिहून ठेवते.

साडेदहा होऊन गेले. आली नाही.

कलम ४. मशीनच्या खणात पितळी कुलूप आहे, ते काकासाहेबांना. त्यांच्या लग्नात पाहुण्यांना दिसू नये म्हणून सात वर्षांच्या कुंदाला ह्याच कुलपानं कोठीत कोंडलं होतं. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, कुलूप तेवढं पदराखाली घालून आणलं. पंधरा वर्षांनी परत करते. संस्थेलाही कुलपं असतात, भाऊजी.

अकरा वाजले. लाईट गेली, पंखा थांबला. काकासाहेब उठले. "वैनी, हट्ट सोडा आता. ट्रक लई असतात त्या रस्त्याला. मी बघून येतो."

"बसा खाली," म्हटलं. पण मीच दोनदा दारापर्यंत जाऊन आले. पोरीवर पैज लावणारी कसली मेली आई मी! तिला काही झालं तर हा कागद काय चाटायचा आहे?

कलम ५. माझी मोठी कात्री आणि

चपला वाजल्या. सव्वाअकराला तिघं आली, कुंदा पुढं.

"पाऊण तास उशीर," काकासाहेब म्हणाले.

कय्युमभाई हसत होते. "भाभी, गिरणीत आठ डबे रांगेत. ही आठव्याच्या मागं उभी. विचारलं, बेटी, तुझा डबा कुठंय? म्हणते, डबा नाय आणला, नंबर येऊ द्या. सात दळून झाले, लाईट गेली, तरी हलेना. शेवटी आठवा डबा मी उचलून बाजूला ठेवला, तेव्हा म्हणाली, 'चाचा, सही करायला चला. चष्मा घ्या.'"

चष्म्याचं मी सांगितलं नव्हतं. चष्म्याशिवाय कय्युमभाईंना पेपर दिसत नाही, हे तिनं कधीतरी स्वतःच पाहिलं असणार. मी भिंतीला धरून रडले, दिरासमोर.

कलम २ (आता भरते). घर कुंदाचं. ती आहे तोवर कुणी विकू नये. देखरेख कय्युमभाईंनी करावी, ते हो म्हणाले आहेत. दळण तिचं तिला आणू द्यावं, दया येऊन कुणी घरपोच करू नये. पैज मी हरले, भाऊजी, आणि मोडलीही. उशीर माझ्या शिकवणीचा होता, तिचा नव्हे.

काकासाहेबांनी सगळं वाचलं. कलम चारपाशी थांबले, मग कागद परत दिला.

कात्रीचं राहिलं. तीही कुंदालाच.

सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीच्या सह्यांना रांग लागली तर कुंदा शेवटी येऊन उभी राहिली. जिला घर मिळतं तिची साक्ष चालत नाही, असं कय्युमभाईंनी समजावलं. ती म्हणते, "माझा नंबर हाय." म्हणून खाली जागा ठेवली आहे.

औरंगाबाद, मंगळवार, १९ एप्रिल १९९४

(सही) द्वारकाबाई भ्र. बद्रीनाथ तुपे

साक्षीदार
१. वच्छलाबाई भ्र. सांडू म्हस्के
२. कय्युम खान पि. रहीम खान

३. कुंदा