कपाचा कान

शनिवार संध्याकाळ, नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स

मंडळाच्या नाटकात यंदाही मला नोकराचंच काम. दोन वाक्यं आणि चहाचा ट्रे! नाही म्हणून कळवणारच होतो.

तेवढ्यात टीव्हीवर तो म्हातारा ब्रिटिश नट दिसला. कधी पोस्टमन, कधी डॉक्टर, आज बटलर. अख्खी हयात असल्याच कामांत काढली त्याने. त्यानेही ट्रेच आणला. ठेवताना कपाचा कान मालकिणीच्या डाव्या हाताकडे वळवला. ती डावखुरी. एक शब्द न बोलता तीस वर्षांची चाकरी दाखवली पठ्ठ्याने!

मुक्ताही डावखुरीच की. लग्नाला बारा वर्षं झाली, मला कधी सुचलं? चहा केला, कान वळवून तिच्यापुढे ठेवला.

कप उचलता उचलता ती थांबली. "हे कुणी शिकवलं रे तुला?"

उद्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्लोटरडाइकला तालमीला जातोय, ट्रे घरचाच नेणार. त्या नटाचं नाव मात्र तिला सांगता आलं नाही.