न दिलेला खो

५ जानेवारी, सोमवार
शिफ्ट सुटल्यावर सराव. पार्किंगमागचं मैदान साफ करून दिलंय म्हणे, खडे मात्र जिथल्या तिथे. गुडघा ठणकतोय. एक्केचाळिसाव्या वर्षी खो-खोची कॅप्टन व्हायची हौस कोणाला? मला.

कल्पना भन्नाट पळते. पहाटे सायखेड्याहून निघते, आठ तास माझ्या हाताखालच्या लाइनवर पत्रा कापायची प्रेस चालवते, आणि वर हे. जन्मापासून ऐकू येत नाही, पण पाठीला हात लागायची खोटी, सुटलीच. शैला म्हणाली, "हिच्या पाठीत आपल्या कंपनीचं स्विच बसवलंय गं!" सगळ्या हसलो. क. पण हसली, आम्ही हसतोय म्हणून.

८ जानेवारी, गुरुवार
वेलनेस सप्ताह. कॅन्टीनमध्ये बाहेरून आलेल्या मॅडमचं भाषण, संयम, समावेश वगैरे. शेवटच्या स्लाइडवर माझा आणि क.चा फोटो! मागच्या वर्षीचा, मी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला. टाळ्या. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तासभर मॅडम काय बोलल्या ते क.ला कोणी सांगितलं नाही. मी शेजारीच बसले होते, पर्समध्ये पेन होतं. आत्ता लिहिताना सुचतंय.

११ जानेवारी, रविवार
फायनल. हरलो.

शेवटचं अर्धं मिनिट. एक बाई बाद केली की जिंकलो, एवढंच उरलं होतं. समोरच्या स्टोअर्सच्या टीमची उंच पोरगी क.च्या समोरून पळत होती, मी क.च्या पाठीशी पोचले. हात लावला. क. उठली, दोन ढांगांत तिला शिवली. आम्ही किंचाळलो. आणि शिट्टी.

पंच म्हणाले, "फाउल. खो ऐकू आला नाही." घोळात वेळ संपली. क.ला शिट्टी कुठली ऐकू येणार, ती दोन्ही हात वर करून नाचत होती. मी जाऊन तिचे हात खाली केले.

शैला पंचांशी भांडून परत आली. "ती आपल्या मनानंच उठली का गं? जाऊ दे, ऐकू येत नाय तर तिला काय कळणार!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. हो अशी.

पंच बरोबर होते. हात लावला आणि तोंड उघडलं नाही. खो म्हणालेच नाही मी.

१२ जानेवारी, सोमवार
शाळेपासून खेळतेय. हात आणि आवाज एकदमच निघतात, विचार करावा लागत नाही. मग काल काय झालं?

दिवसभर लाइनवर स्वतःकडे लक्ष ठेवलं. क.ला बोलवायचं तर मी मागून जाते, पाठीवर थाप मारते, कामाकडे बोट दाखवते. एक शब्द नाही. ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला! चार वर्षं असंच चाललंय. सरावातही तसंच. तिथे पंच नसायचे, चालून जायचं. आधीच्या सामन्यांतही गोंगाटात खपून गेलं असणार. शैलाला, बाकीच्यांना खो घसा फोडून देते. हिच्यासाठी तोंड उघडायची सवयच नाही मला.

आणि ती ओठ वाचते. छान वाचते. हे मलाच सगळ्यांत आधी कळलं होतं.

ह्यांना सांगितलं. "अगं, कंपनीचा खेळ तो. विसरतील चार दिवसांत." त्यांचंही चूक नाही, त्यांना मान हलवल्याचं सांगितलंच नाही मी.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
डब्यातून तिळगूळ नेला. शैलानं क.ला इतरांपेक्षा दोन वड्या जास्त दिल्या. बिचारी म्हणून. कालपर्यंत ती कोणाची बिचारी नव्हती, टीममधली सगळ्यात जोरात पळणारी होती.

दुपारी सुपरवायझर देवरेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "वैशालीताई, मैदानावर ठीक आहे हो. पण सांगायच्या आधी हलायची सवय असेल तर प्रेसवर नको. पॅकिंगला देऊ तिला. तुमचं काय मत?"

माणूस वाईट नाही. आधीच्या कंपनीत त्यांनी एकाची बोटं जाताना बघितलीत. त्यांना भीती खरीच वाटते. आणि ती भीती घालवायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

१५ जानेवारी
आज सांगते, असं म्हणून गेले. नाही सांगितलं.

१९ जानेवारी, सोमवार
क. आजपासून पॅकिंगला. प्रेस शिकायला तिला सहा महिने लागले होते. पहिल्या महिन्यात सगळे म्हणायचे, कशाला वेळ घालवताय. मी चिकाटीनं शिकवलं. शिकवलं हे खरं, आणि चारचौघांत मिरवलंही भरपूर. तिच्या हातचा माल सहसा परत यायचा नाही. आज तिच्या मशीनवर बसवलेली नवी मुलगी दोनदा रडली.

त्यात फेब्रुवारीतल्या स्पर्धेची यादी मागितली. इतर कंपन्यांशी आहे. साहेब म्हणाले, "रिस्क घेऊ नका." नावं मीच लिहिली, माझ्याच अक्षरात. क.चं नाव नाही. बोर्डापुढे ती बराच वेळ उभी होती. मी तेवढ्यात पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

लाज वाटते. हे आधीच लिहायला हवं होतं, इकडचं तिकडचं लिहीत बसले.

२२ जानेवारी, गुरुवार
रजा टाकली. सकाळी क.ला मोबाइलवर मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी सरळ लिहिलं: फायनलला मी तुला हात लावला पण खो म्हणाले नाही. चूक माझी होती. सगळ्यांना वाटलं तू मनानं उठलीस, ते मी वाटू दिलं. मला माफ कर.

तासाभरानं उत्तर आलं. जसं आलं तसं उतरवते.

"माहीत आहे ताई. पंच तुमच्याकडे हात करत होते. मी नंतर बघितलं. शैलाताई बोलली, तुम्ही मान हलवली, ते पण बघितलं."

मग दुसरा. "मी वाट बघितली. अकरा दिवस."

कुकर लावला, बंद केला. मग तिसरा. "तुम्ही मागून पाठीवर मारता. चार वर्ष. मी दर वेळी दचकते. प्रेसवर हात असतो तेव्हा पण."

आणि शेवटचा. "मला सांगून काय होणार. मला माहीतच होतं. त्यांना सांगा."

प्रेसवर धोका होताच. तो मी होते.

२३ जानेवारी, शुक्रवार
देवरेसाहेबांना सगळं सांगितलं. खो, मान हलवणं, मागून थाप मारणं, सगळं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं ना!" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिला लगेच प्रेसवर घेता येणार नाही म्हणाले. कागद वर गेलाय, सेफ्टीवाले परत बघतील, वेळ लागेल. यादीचंही बघू म्हणाले. "पण लाइनवर तुम्ही स्वतः बोला. मंगळवारच्या मीटिंगला." मध्ये सव्वीस जानेवारीची सुट्टी. तेवढे दिवस ढकलता येणार म्हणून पटकन सुटल्यासारखं झालं. हे पण लिहून ठेवते.

२५ जानेवारी, रविवार
काय बोलायचं ते आरशापुढे म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी 'चुकून', 'गडबडीत', 'नकळत' असं काहीतरी मध्ये घुसतंय. गडबडीत खो राहिला, ठीक. मान हलवली ती काय गडबडीत?

२७ जानेवारी, मंगळवार
सकाळची मीटिंग. रोज मी बोर्डाकडे तोंड करून आकडे वाचते. आज वळून उभी राहिले. पॅकिंगवाल्या मागे असतात, क. सगळ्यांत मागे. सांगितलं. 'गडबडीत' एकदा आलंच तोंडात.

शैलानंच तोंड उघडलं, "मग इतके दिवस काय गप बसली गं तू? मी लय बोलले तिला." आणि तोंड फिरवून मशीनवर गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. खुशाल.

क. माझ्या ओठांकडे बघत होती शेवटपर्यंत. मधे फोर्कलिफ्ट गेली, पुढे दोघी उंच बायका उभ्या. तिला किती कळलं कोण जाणे. विचारायला हवं होतं तेव्हाच. मी बोलून मोकळी झाले आणि निघाले.

चहाच्या सुट्टीत पॅकिंगला गेले. बाकीच्या चहाला, ती एकटीच काम करत होती, पाठ माझ्याकडे. हात उचलला होता मी. खाली घेतला. पूर्ण टेबलाला वळसा घालून समोर गेले.

तिनं वर बघितलं. ओळखीचं हसली नाही, रागावलीही नाही. एक बोट वर केलं. थांबा. आणि खोक्यात माल भरत राहिली, एकेक स्विच मोजून, कागद घालून, टेप लावून. ते झालं तर दुसरं खोकं ओढलं.

मला घाई होती. लाइन सुरू करायची होती, साहेबांनी बोलावलं होतं. सुट्टी संपल्याची बेल झाली. बायका चहाहून परत यायला लागल्या, माझ्याकडे बघायला लागल्या.

तिनं तिसरं खोकं घेतलं. मी उभी राहिले.