कर्जवालीचा आवाज

फोन कंपनीच्या मोठ्या साहेबांस,
साताऱ्याहून संयोगिताचा नमस्कार.

आमचे मालक मिल्ट्रीतनं रिटायर झाल्यात. माझ्याशी दिवसभर व्हय-न्हाई एवढंच. पण कर्ज विकणाऱ्या पोरीचा फोन आला की तिला 'मॅडम, मॅडम' करत लडाखच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचे. माझा नुसता जळफळाट! असले फोन आडवणं तुमचं काम, पण तुमी ढिम्म. शेवटी मीच तक्रार केली, तवा तिचा फोन बंद झाला. आन् मालक पार मुके झाले.

काल परड्यात जाऊन शेजारणीच्या फोनवरनं मीच शहरी आवाज काढला, "सर, लोन हवंय का?"

लय खुलले. मला मॅडम म्हणाले. सगळा बर्फ सांगितला.

मी विचारलं, "घरी बायकोला सांगता का हे?"

"तिला कुठं आवडतंय ऐकायला!"

साहेब, शेजारणीचा नंबर तेवढा बंद करू नका.

तुमची तक्रारदार,
संयोगिता